सादडी खु.

यादीत छापलंय : सादडी खु.
धक्क्यावर आमच्यातलंच कुणी बोललं,
खुर्द आहे तर बुद्रुक कुठाय?
होडीवाल्या गिंब्या वसावेनं पाण्याकडे बोट केलं : खाली.
सगळे हसले. तोही हसला, जरा उशिरा.

आम्ही पाच, एक पोलीस, लाइफ जॅकेटं सहा.
एक मशीनला बांधलं, तसा आदेशच होता.
निकुंभ सरांना उरलं नाही.
मी तापीकाठचा आहे, म्हणाले, बुडत नाही,
आणि दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून बसले.

नर्मदेच्या फुगवट्यावर नोव्हेंबरचं ऊन.
सागांचे वाळके शेंडे पाण्याबाहेर,
शेंड्यांवर पाणकावळे, पंख वाळत घातलेले.
डोंगराचा माथा राहिला तेवढं बेट.
बेटावर एकोणीस घरं, पत्र्याची शाळा,
फळ्यावर कालची बेरीज, हातच्यासकट.

माझ्याकडे शाई.
पारोळ्याला मी चौथीला शिकवते,
शाईची बोटं दिसली की ओरडते पोरांना.
इथे एकेकाचं बोट हातात घ्यायचं,
नखापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढायची.
जाळ्यानं कापलेली बोटं, राखेची बोटं,
एका मुलीचं मेंदी लावलेलं, तिचं पहिलंच मत,
ती मशीनपेक्षा बोटाकडेच बघत राहिली.
रेहमल पावराला तर्जनीच नव्हती.
विळ्यानं नेली, म्हणाला, जणू कुणी उसनी नेलीय.
नियमात आहे त्याचंही : शेजारचं बोट.

खेत्या आणि जोल्या, दोन पक्षांचे दोन एजंट,
सख्खे चुलत. दुपारी एकाच डब्यात जेवले,
भांडले ते सावलीच्या जागेवरून.

गिंब्या कुडाला टेकून सांगत होता,
ताई, खुर्द नाही हो. सादडीखुंट.
सादड्याचं झाड पडलं, खुंट राहिला,
त्याला गुरं बांधायचे, म्हणून गाव.
कुणा साहेबाला अर्धंच ऐकू गेलं.

सहाला चार मिनिटं असताना दिसली होडी.
पलीकडच्या पाड्यावरची सात माणसं,
दोन वल्ही, एक तुटकं.
सहा वाजले तेव्हा ती वीसेक हात लांब होती.
जोल्या म्हणाला, वेळ संपली.
खेत्या म्हणाला, दिसतात ना समोर?
सहाला रांगेत असेल त्याला चिठ्ठी द्यायची,
शेवटच्यापासून सुरुवात करून.
पण पाण्यावरची रांग पुस्तिकेत कुठेच नव्हती.

निकुंभ सरांनी पान उलटलं, परत उलटलं.
आते काय करानं भो? स्वतःलाच विचारलं.
मग चष्मा खिशात टाकला, सात चिठ्ठ्या मोजल्या,
आणि विजारीसकट गुडघाभर पाण्यात शिरले,
तापीकाठचा माणूस, घाबरत घाबरत,
हात लांब करून ओरडत : मांगला पहिले! मांगला पहिले!
होडीत ते कुणाला कळलं नाही.
पण मागे बसलेल्या म्हातारीनंच आधी हात पुढे केला.

जोल्या काही बोलला नाही.
दोर मात्र त्यानंच धरला.

म्हातारीचं नाव शोधायला वेळ लागला,
यादीत ती दोन घरं पुढे, वयानं वीस वर्षं लहान.
लवकर लावा शाई, म्हणाली,
कोंबड्या उघड्यावर आहेत.

निघताना काडीवर थोडी शाई होती.
दारावरच्या कागदात खु. पुढच्या टिंबावर
मी ट बसवला, वर अनुस्वार दिला.
वाकडा आला. चौथीतल्या पोरासारखा.

परतताना अंधार. मशीन जॅकेट घालून मधोमध,
निकुंभ सर ओल्या विजारीत, डायरीत लिहून मोकळे :
मतदान शांततेत.
अर्ध्या वाटेत गिंब्यानं इंजिन बंद केलं.
शेवाळ अडकलं असेल म्हणून आम्ही वाट पाहिली.
त्यानं पाण्यात हात घातला, ढवळला नाही,
नुसता ठेवला,
मग दोरी ओढली.